कोठीतला आवाज

हारून गेला ही बातमी मला खोटी वाटली. दुःखाच्या भरात माणसाला वाटतं तशी नव्हे, खरोखरच खोटी. आमच्या भागातल्या वादक-गायकांचा एक व्हॉट्सअॅप ग्रुप आहे, त्यावर ती आली होती, आणि या ग्रुपने मागे एका धडधाकट ढोलकीवाल्याला श्रद्धांजली वाहून मोकळं केलं होतं. त्या बिचाऱ्याने स्वतःच 'मी जिवंत आहे, जेवायला बसलोय' असं लिहीपर्यंत सगळे हात जोडत होते. शिवाय हारूनच्या बातमीसोबत जो फोटो होता त्यात त्याच्या हातात बेंजो होता. हारून बेंजोवाल्यांना वादकच मानत नसे. तो बेंजो हातात धरून फोटो काढून घेईल हे मला काही केल्या पटेना. म्हणून मी थेट त्याच्याच नंबरवर फोन लावला. त्याच्या मुलीने, शबानाने, उचलला. "चाचा..." एवढंच म्हणाली आणि तिने फोन दुसऱ्या कोणाच्या तरी हातात दिला. सकाळी दुकान उघडून तो नव्या भरलेल्या गादीवर जरा टेकला, तो उठलाच नाही, असं त्या माणसाने सांगितलं. मी त्यालाही विचारलं, तुम्ही कोण?

हारून शेख, राहणार धाड. धंदा गाद्या-रजया भरण्याचा, बापजाद्यांपासूनचा. लोकांत ओळख मात्र 'गिटारवाला हारून'. लग्नाच्या ऑर्केस्ट्रांत आणि माझ्या देऊळगाव राजातल्या छोट्या स्टुडिओत त्याने इलेक्ट्रिक गिटारचे जे सोलो वाजवले ते आमच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या कुठल्या ना कुठल्या हळदीत तुम्ही ऐकले असतील, वाजवणाऱ्याचं नाव माहीत नसेल एवढंच. माणूस गेला की त्याच्याविषयी चांगलं लिहायची पद्धत आहे. मीही लिहिणार आहे, पण एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढचं सगळं ढोंग होईल. हारून माझा सगळ्यात जवळचा मित्र होता आणि माझा त्याच्यावर विश्वास नव्हता. आम्ही दोघांनी मिळून, माझ्या घरात, गिटारचा एक आवाज तयार केला होता. तो आवाज घेऊन हारून गुपचूप जालन्याच्या एका स्टुडिओत वाजवून आला, असा माझा संशय होता. तो शेवटपर्यंत नाही म्हणत राहिला. तो गेल्याचं मला पटलं तेव्हा पहिल्यांदा मनात आलं ते हेच, की आता हे मला कोण सांगणार. वाईट वाटून घ्यायचं त्यानंतर सुचलं.

संशय हा माझ्या पोटापाण्याचाच भाग होता. सगळी नोकरी एसटीत तिकीट तपासनीस म्हणून झाली. आपण गाडीत चढल्याबरोबर कोण खिडकीबाहेर बघायला लागतो, कोणाला एकदम झोप लागते, कोण रिकामेच खिसे चाचपतो, यावरून माणूस ओळखायची सवय लागली आणि ती माझ्यामागे घरीही आली. माझी बायको सुमन म्हणते की मी लग्नाच्या पंगतीतसुद्धा लोकांकडे तिकीट मागितल्यासारखा बघतो. हारूनची पहिली भेट अशीच, बुलढाण्याच्या गाडीत. मागच्या सीटवर एक उंच, सडपातळ माणूस लांबोडकी काळी पिशवी मांडीवर उभी धरून बसला होता. मी त्याला सामानाचं तिकीट विचारलं. तो म्हणाला, "साहेब, हे सामान नोहे, गिटार हाय." मी म्हटलं, मग सामानच झालं. "ढोलकीवाल्याले मागता काय सामानाचं तिकीट? तो मांडीवर घेऊन बसते. मीबी मांडीवरच घेऊन बसलो." सगळी गाडी ऐकत होती. पिशवीत गिटारच आहे कशावरून, म्हणून मी ती उघडायला लावली. आत खरोखरच गिटार निघाली, लाल रंगाची, कडेने रंग उडालेली, आणि सोबत वायरींचं भेंडोळं. उतरताना त्याने मला अगदी आदबीने विचारलं, "साहेब, तुमी घरी जेवतानीबी भाजी उघडून पाह्यता काय?" मला राग यायला पाहिजे होता, पण मला हसू आलं.

निवृत्त झाल्यावर मी घराच्या समोरच्या खोलीत रेकॉर्डिंगचा स्टुडिओ काढला. आवाज पकडून ठेवायचा नाद मला लहानपणापासून. गाडीत बसलो तरी इंजिनाच्या आवाजावरून गिअर ओळखायचो. स्टुडिओच्या भिंतींना लावायला गाद्या पाहिजे होत्या म्हणून धाडला गेलो, तर दुकानात हाच. गाद्या त्याने स्वतः आणून ठोकल्या आणि ठोकता ठोकता खोलीचा ताबाच घेतला. एक गाडी बदलून धाडहून यायचा, आठवड्याच्या बाजाराचा दिवस सोडून कोणत्याही दिवशी, न सांगता. दारातूनच सुमनला "भाभी, चहा" म्हणायचा आणि चप्पल काढायच्या आधी गिटार काढायचा. विनय वगैरे त्याच्याजवळ नव्हता. आपल्यासारखा वाजवणारा चिखलीपासून जालन्यापर्यंत नाही हे तो स्वतःच सांगायचा, समोरच्याने विचारायची वाट बघायचा नाही.

पण एक गोष्ट त्याला छळत होती. बोटं चांगली होती, आवाज वाईट होता. त्याच्याजवळ एक छोटा स्पीकर आणि एक जुनं पेडल, पायाने दाबलं की गिटारचा आवाज फाटका करणारं. स्टेजवर गर्दीत ते खपून जायचं. स्टुडिओत माइकसमोर मात्र सगळं उघडं पडायचं. सोलो सुरू झाला की पत्र्यावर खिळा ओढल्यासारखं वाटायचं. मी कॉम्प्युटरमधले तयार आवाज लावून दाखवले, एकापेक्षा एक भारी. तो ऐकायचा आणि मान हलवायचा. "हा तं सगळ्याइच्या घरचा आवाज हाय. माहा कुठं हाय याच्यात?" त्याला कसा आवाज पाहिजे होता ते तो कापसाच्या भाषेत सांगायचा. पिंजलेल्या कापसाची वात ओढली की ती एकदम तुटत नाही, तुटता तुटता लांब होते, तसा एकेक सूर गेला पाहिजे. सुरुवातीला जाड, शेवटाला फाटका. आम्ही स्पीकर न्हाणीघरात ठेवून पाहिला, तिथे तो नुसता घुमला. रजईखाली ठेवला तर आजारी माणसासारखा कण्हायला लागला. पितळी घंगाळ पालथं घातलं, मडकं लावलं, माइक जवळ नेला, दारापर्यंत मागे नेला. हारून प्रत्येक वेळी तोच सोलो तितक्याच ईर्ष्येने वाजवायचा आणि हेडफोन कानाला लावून म्हणायचा, "नाई."

आमच्या आतल्या खोलीत ज्वारीची पत्र्याची कोठी आहे, माझ्या खांद्याएवढी उंच. वर मोठं झाकण, आणि खाली धान्य काढायचं छोटं तोंड, त्याला वरखाली सरकणारी पत्र्याची पट्टी. एके दुपारी समोरच्या खोलीतलं प्लगचं बटण जळालं म्हणून हारूनने स्पीकर उचलला आणि कोठीवर नेऊन ठेवला. त्याने तार छेडली आणि पत्रा थरथरला. आतली ज्वारी सळसळली. आम्ही दोघं एकमेकांकडे बघतच राहिलो. मग तो म्हणाला, "आत टाक." सुमन आडवी आली. अन्न आहे ते, त्यात तुमचं डबडं टाकायचं नाही. हारूनने तिचं म्हणणं लगेच मान्य केलं, दुसऱ्या दिवशी दुकानातून नवंकोरं पांढरं कापड आणलं, स्पीकर त्यात बाळासारखा गुंडाळला आणि दोरीने वरून कोठीत सोडला, ज्वारीला न टेकता. मी खालच्या तोंडाशी माइक लावला आणि पट्टी थोडी उघडली. आणि आला. जाड, दाणेदार, शेवटाला हलकेच फाटणारा. हारून वाजवायचं थांबून कोठीकडे असा बघत होता की आत दुसरंच कोणी वाजवतंय.

पुढचा शोध माझा, असं मी तेव्हापासून समजत आलो. सोलो चालू असताना मी ती पट्टी वरखाली करून पाहिली. उघडली की आवाज मोकळा व्हायचा, मिटली की गळ्यात दाटल्यासारखा व्हायचा. सूर चढला की उघडायची, उतरला की मिटायची, असं करत करत गिटार चक्क बोलायला लागली. त्यानंतर आमची पद्धतच ठरली. कॉम्प्युटरवर रेकॉर्डिंग लावून मी आत येणार, कोठीशी उकिडवा बसणार, हारून समोर स्टुलावर, आणि सोलो संपेपर्यंत त्याची बोटं आणि माझी पट्टी. गुडघे दुखायचे, पण मी कोणाला हात लावू दिला नाही. नोकरीत आयुष्यभर लोकांच्या प्रवासाची तिकिटं तपासली, आता कुठे गाडी चालवायला मिळाली असं वाटायचं.

एकदा दिवसभर सोलो जमत होता. संध्याकाळी सुमन चहा घेऊन आली आणि सहज म्हणाली, की सकाळी दळणाला थोडी ज्वारी काढली, कोठी अर्ध्याच्या खाली गेली. झालं. हारूनने हेडफोन लावून सकाळपासूनचं सगळं पुन्हा ऐकलं आणि कपाळाला हात लावला. "काऊन सांगतलं नाई भाभी? म्हणूनच पोकळ येऊन राह्यला." मलाही पोकळ ऐकू आलं. सुमन म्हणाली, "मी सांगतलं तवा पोकळ झाला तो. तोवर तं दोघंबी माना हालवून राह्यले होते." आम्ही तिच्याकडे दुर्लक्ष केलं. त्या दिवसापासून कोठी अर्धी म्हणजे अर्धीच ठेवायची असं ठरलं. घरात ज्वारी असून भाकरीसाठी शेजारून पीठ यायला लागलं. कोठीतल्या ज्वारीला किडे लागले तेव्हा हारून म्हणाला की ते माझ्या सुरांना लागले आहेत. सुमनने ती ज्वारी पाखडली, वाळवली आणि तेवढीच पुन्हा भरून ठेवली, आम्हा दोघांना शिव्या देत.

मग आमचं एक हळदीचं गाणं चाललं. गाणं साधंच होतं, पण मधला सोलो आला की मांडवातली माणसं गाणाऱ्या मुलीला विसरून स्पीकरकडे बघायची. वादकांमध्ये त्या आवाजाचं नावच पडलं, कोठी. 'आम्हालाही कोठी टाकून द्या' असं म्हणत चिखलीपासूनची पोरं माझ्याकडे यायला लागली. कोठी म्हणजे काय हे त्यातल्या एकालाही माहीत नव्हतं. कोणाला वाटायचं पेडलचं नाव आहे, कोणाला वाटायचं परदेशी मशीन. ते आले की मी आतल्या खोलीचं दार लावून घ्यायचो आणि कोठीवर चादर टाकायचो. चादरही हारूननेच दिलेली. आम्ही दोघांनी बोलून ठरवलं होतं, हे घराबाहेर जाऊ द्यायचं नाही. शपथ घेतली नाही, पण मी त्याच्या डोळ्यांत बघून बोललो होतो, आणि माझ्या लेखी ते पुष्कळ होतं.

दुसरबीडला एका लग्नाला गेलो होतो. जेवायला बसलो, वरण वाढून झालं, आणि मांडवात एक नवं गाणं लागलं. मधे सोलो आला. मी घास तसाच हातात धरून ऐकत बसलो. कोठी होती. तोच जाडपणा, तोच शेवटाला फाटणारा सूर, तीच उघडझाप. वाजवणारा हारून होता यात मला तसूभरही शंका नव्हती, त्याची बोटं मी झोपेत ओळखली असती. पण हे गाणं आमचं नव्हतं. मी पान सोडून उठलो आणि गाणी लावणाऱ्याला विचारलं. जालन्याच्या एका स्टुडिओचं नवीन आहे, म्हणाला.

आता तपासणी सुरू झाली. देऊळगाव राजाहून जालन्याला जाणाऱ्या गाड्यांवरचे वाहक माझ्या ओळखीचे. मी एकेकाला विचारत गेलो. त्यातला एक म्हणाला, "तुमचा गिटारवाला चाचा ना? हाव, गेलता की मागच्या महिन्यात. पिशवी मांडीवर घेऊनच बसलता." मी दिवस जुळवून पाहिला. त्या दिवशी दुपारी हारून माझ्याकडे रेकॉर्डिंग करून 'धाडची गाडी पकडतो' म्हणून निघाला होता. पुढच्या वेळी तो आला तेव्हा मी चहा होऊ दिला आणि मग विचारलं, "जालन्याले गेलता काय?" तो म्हणाला, "गेलतो ना, रुई पाहाले." आणि गिटार? "तुह्या घरून तसाच गेलतो ना, गिटार काय रस्त्यात ठेवू?" सगळी उत्तरं तयार होती, आणि तयार उत्तरं देणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. मी विषय बदलल्यासारखं करून म्हटलं, की त्या जालन्याच्या स्टुडिओत म्हणे एसी आहे, गाणाऱ्यांची चैन असेल. हारून फसकन म्हणाला, "कुठं एसी बे, कूलर हाय, अन् तोबी वाजवतानी बंद कराव लागते." त्याने चहा संपवला, कप धुऊन ठेवला. असं तो कधी करत नसे. मग म्हणाला, "मी वाजवाले नाई गेलो, दिनकर."

तेव्हाच भांडण व्हायला पाहिजे होतं. झालं असतं तर बरं झालं असतं. पण भांडलो तर तो यायचा बंद होईल ही भीती मला वाटली, आणि कदाचित त्यालाही. म्हणून आम्ही काही झालंच नाही असं ठरवून पुढची कितीतरी वर्षं काम केलं, गाणी केली, एकमेकांच्या घरच्या लग्नांत पाहुण्यांच्या पायाशी वाकलो. शबानाच्या लग्नात जेवणाच्या तंबूवर मीच उभा होतो. फक्त प्रत्येक वेळी तो निघताना मी दारात विचारायचो, "जालन्याले वाजवाले गेलता का?" आणि तो चप्पल घालता घालता म्हणायचा, "नाई गेलो बे." लोकांना ती आमची गंमत वाटायची. सुमनलाही वाटायची. मला नाही वाटायची. तो 'हो' म्हणेल या आशेने मी दर वेळी विचारत होतो, आणि तो दर वेळी माझ्या तोंडावर खोटं बोलत होता.

आणखी एक बदल माझ्या लक्षात आला होता. पूर्वी हारून डोळे मिटून वाजवायचा. जालन्यानंतर तो डोळे उघडे ठेवायला लागला, आणि ते डोळे माझ्या हातावर. मी पट्टी उघडली की त्याची नजर तिथे, मिटली की तिथे. सबंध सोलोभर एकदाही हलायची नाही. मला वाटायचं, हा माझ्यावर नजर ठेवतोय. चोराला दुसराही चोरच दिसतो, तशातला प्रकार. एकदा मी चिडून म्हटलंही, "माह्या हाताकडं काय पाह्यतं? मी काय आवाज बिघडवून राह्यलो काय?" तो म्हणाला, "तू चालू ठेव." शेवटच्या रेकॉर्डिंगलाही तसंच. तो जाण्याच्या थोडे दिवस आधीची गोष्ट. थकलेला दिसत होता, स्टुलावरून उठताना त्याने कोठीचा आधार घेतला. दारात मी नेहमीचा प्रश्न विचारला. त्याने नेहमीचं उत्तर दिलं. तेच आमचं शेवटचं बोलणं.

मातीला मी धाडला गेलो. गर्दी होती, सगळे ऑर्केस्ट्रावाले होते, बेंजोवालेही होते. दुकानात कापसाचा ढीग तसाच पडलेला. शबानाने मला आत बोलावून विचारलं, की अब्बूंची गिटार स्टुडिओत ठेवाल का. मी म्हटलं, तुझ्याकडेच राहू दे. खरं म्हणजे ती गिटार घरी आली असती तर मी रोज तिच्याकडे बघून तोच प्रश्न विचारत बसलो असतो.

गेल्या आठवड्यात दुपारी एक माणूस दारात उभा राहिला. चाळिशीचा, पाठीवर बॅग. "मी संतोष, जालन्याहून आलो. माझा तिकडं स्टुडिओ आहे." मी त्याला बस म्हटलं नाही. तो धाडला घरच्यांना भेटून आला होता, आणि शबानाने त्याला माझ्याकडे पाठवलं होतं. पहिल्यांदा मनात आलं, कोठी बघायला आला. आणि झालंही तसंच. पाणी प्यायला म्हणून आत आला, कोठीसमोर थांबला आणि म्हणाला, "हीच का ती?" माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, म्हणजे त्याने सगळं सांगितलं तर तुम्हाला. तुमच्याकडेही आहे ना अशीच कोठी? तो माणूस गोंधळला. "नाही ना काका. मी तर आजच बघायलो. आमच्या इथं काहीच नव्हतं. चाचांनी स्पीकरसुद्धा आणला नव्हता. पेडल होतं, त्याची वायर सरळ मिक्सरमध्ये घातली आणि वाजवलं. एकदाच आले होते, पुन्हा कधी आले नाहीत. मीच मागं लागून तो तुकडा गाण्यात घेतला. नाव टाकू नको, म्हणाले."

मी म्हटलं, खोटं. सरळ वायर घातल्यावर तो आवाज येणं शक्य नाही. आणि उघडझाप? ती कोणी केली? संतोष म्हणाला, "त्यांनीच की. गिटारला बटण असतंय ना, आवाज जाड-बारीक करायचं. वाजवता वाजवता करंगळीनं ते फिरवत होते. मी समोरच बसलो होतो." ते बटण मला माहीत होतं. त्याची करंगळी त्यावर असायची हेही मी इतकी वर्षं पाहत होतो. पण मी पडलो तपासनीस, मी त्याचे डोळे बघत होतो. माझ्या हातावर खिळलेले डोळे. मी पट्टी उघडली की त्याची करंगळी बटण उघडत होती, मी मिटली की मिटत होती...

तरीसुद्धा मी पुरावा मागितला. ही सवय आहे, माणूस मेला म्हणून जात नाही. संतोष म्हणाला, तेच तर द्यायला आलो. रेकॉर्डिंग आम्ही आधीपासून चालू ठेवतो, त्यामुळे चाचांचं बोलणंही त्यात राहिलंय. गाण्यात घेताना कापलं होतं, मूळ तसंच आहे. त्याने मोबाइल कोठीवर ठेवला आणि लावलं. आधी कूलरची घरघर, ती बंद झाली. मग हारूनचा आवाज, माझ्या घरात, धडधडीत: "चालू हाय ना? पाहाय संतोषभाऊ, तिथं कोठी हाय, पट्टी हाय, दिनकर हाय. इथं काईच नाई. आता आवाज आला तं तो माहा, नाई आला तं त्याचा. एवढंच पाहाचं हाय मले." मग सोलो. पहिल्या सुरापासून तोच. जाड, दाणेदार, उघडणारा, मिटणारा, तुटता तुटता लांब होणारा. संपल्यावर संतोषचं "वा चाचा" ऐकू आलं. स्टूल करकरलं. मग हारून, अगदी हळू, "आला ना... इथंबी आला." आणि मग, ज्या आवाजात तो एरवी फक्त शबानाविषयी बोलायचा त्या आवाजात, "आता दिनकरले काय सांगू?"

तर माझा संशय खरा होता. तो जालन्याला गेला होता, तिथे वाजवून आला होता, आणि मरेपर्यंत माझ्याशी खोटं बोलला. नोकरीत आणि नोकरीबाहेर माझे अनेक संशय खरे ठरले आहेत, आणि प्रत्येक वेळी बरं वाटलं आहे. या वेळी मला पोरांसारखं रडू आलं, परक्या माणसासमोर. तो आवाज त्याचा होता, एकट्याचा होता, आणि हे कळल्यावरही तो एक गाडी बदलून माझ्याकडे येत राहिला, स्पीकर कापडात गुंडाळून कोठीत सोडत राहिला, आणि माझ्या पट्टीबरोबर बटण फिरवता यावं म्हणून माझ्या हाताकडे बघत राहिला. संतोष मोबाइल उचलायला लागला तेव्हा मी त्याचा हात धरला आणि म्हटलं, बसा आणि अजून एकदा लावा.